मेंदूचा स्कॅन करून करिअर ठरवावं का? ऑटिस्टिक मुलांच्या घरांसाठी पायरी-पायरीने

दहावीची परीक्षा संपल्यावर सुट्टीत आम्ही आमच्या मुलीला एका केंद्रात घेऊन गेलो. ती ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे. तिथे तिच्या डोक्यावर तारा लावलेली टोपी चढवली, थोडा वेळ बसवून ठेवलं आणि आठवड्याभराने एक जाड रंगीत फाईल आमच्या हातात दिली. पानापानावर मेंदूची चित्रं, त्यात लाल-पिवळे-निळे पट्टे. शेवटच्या पानावर निष्कर्ष होता: मुलीने कोडिंगकडे जावं, माणसांशी संबंध येईल असं काम टाळावं. बसने घरी येताना ती खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होती. "आई, 'शाकाहरी' लिहिलंय. 'ह'ला काना नाही." पुढच्या चौकात दुसरी पाटी, दुसरी चूक. मांडीवरच्या त्या फाईलमध्ये तिच्या या नजरेबद्दल एक ओळही नव्हती.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचलं आणि अनेक पालकांशी बोलले. ज्यांच्यासमोर अशी जाहिरात किंवा फाईल आहे अशा आईवडिलांसाठी, आणि स्वतःच हे वाचणाऱ्या ऑटिस्टिक तरुण-तरुणींसाठीही, हे लिहिते आहे.

पायरी १: यंत्र नेमकं कोणतं, हे लेखी मागा

'ब्रेन स्कॅन', 'ब्रेन मॅपिंग' या शब्दांखाली वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो.

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: कुठला भाग किती जाड, कुठे गाठ, कुठे व्रण. एफएमआरआय त्याच यंत्रावर होतो, पण तो रक्तातल्या प्राणवायूचा चढउतार पाहतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की काही सेकंदांनी तिकडे जास्त रक्त येतं, त्यावरून अंदाज बांधायचा. म्हणजे चित्रातला लाल ठिपका 'विचार' दाखवत नसतो. विचारामागून उशिराने आलेल्या रक्ताचं ते गणित असतं, तेही बरीच आकडेमोड करून काढलेलं. ईईजीत टाळूवरून विजेच्या लहरी मोजतात. फिट्स आणि झोपेचे विकार यांच्या तपासणीत ही चाचणी खरोखर मोलाची आहे. त्याच लहरींची संगणकावर सरासरी काढून रंगीत नकाशे केले की त्याला क्यूईईजी म्हणतात. करिअर मार्गदर्शनाच्या दुकानांत 'मॅपिंग' म्हणून बहुधा हेच मिळतं. आमच्याकडेही हेच झालं होतं.

आणखी एक प्रकार खूप खपतो, आणि त्यात मेंदूकडे कुणी पाहतही नाही. डीएमआयटीमध्ये बोटांचे ठसे घेऊन मुलाची 'बहुविध बुद्धिमत्ता' सांगतात. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच पक्क्या होतात, त्यावरून गणित जमेल की चित्रकला हे कळण्याचा कुठलाही मार्ग नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलेलं आहे. तरी शाळांच्या पालकसभांत तिची पत्रकं वाटली जातात, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून पहिला प्रश्न एवढाच विचारा: "यंत्राचं नाव काय, ते कोण चालवणार, आणि अहवालावर सही कुणाची असेल?" रेडिओलॉजिस्ट किंवा न्यूरॉलॉजिस्टची सही नसेल, तर तिथेच थांबायला हरकत नाही.

पायरी २: ही कल्पना आली कुठून, ते समजून घ्या

कल्पना अगदीच हवेतली नाही. म्हणूनच ती पटकन पटते.

अमेरिकेत जॉन्सन ओ'कॉनर नावाच्या माणसाने १९२२ साली जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात कामगारांची निवड नीट व्हावी म्हणून चाचण्या बनवायला सुरुवात केली. बोटांची चपळाई, चिमट्याने बारीक वस्तू उचलणं, वाकड्यातिकड्या लाकडी ठोकळ्यांची जुळणी, अशा. पुढे त्याच्याच नावाची संस्था उभी राहिली आणि लोक व्यवसायाचा सल्ला घ्यायला तिथे येऊ लागले. सल्ल्यासाठी आलेल्यांपैकी ४० तरुणांचा एमआरआय कॅलिफोर्नियातले मेंदूसंशोधक रिचर्ड हायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. आठ क्षमता-चाचण्यांतले त्यांचे गुण आणि मेंदूच्या निरनिराळ्या भागांतलं करडं द्रव्य (ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूतला पेशींनी भरलेला भाग) यांचा मेळ बसतो का, ते त्यांनी तपासलं. २०१० साली निबंध आला. काही ठिकाणी मेळ बसला. स्कॅनमधून पुढे कधीतरी व्यवसाय-निवडीला उपयोगी माहिती मिळू शकेल, हे अजून तपासायला हवं, असं त्यांनी लिहिलं. बातम्यांत मात्र 'मेंदूचा फोटो काढा, नोकरी ओळखा' असा सूर लागला.

आता इथे जरा थांबून विचार करा. त्या अभ्यासात मोजपट्टी होती कागदावरची आणि ठोकळ्यांची चाचणी. स्कॅन त्या चाचणीच्या गुणांशी ताडून पाहिला होता. म्हणजे स्कॅन अगदी उत्तम निघाला, तरी तो सांगणार काय? तर हा मुलगा ठोकळ्यांच्या चाचणीत साधारण किती गुण मिळवेल. मग ठोकळेच त्याच्या हातात का देऊ नयेत? चाचणी तासाभरात होते, स्वस्त असते आणि मूल ती कशी सोडवतं हेही डोळ्यांनी दिसतं. धान्य समोर असताना पोत्याच्या सावलीवरून वजन काढायचा खटाटोप कशाला करायचा?

शिवाय त्या ४० जणांपैकी पुढे कोण कुठल्या कामात रमलं, कोण टिकलं, कुणी नोकरी सोडली, हे त्या अभ्यासात पाहिलेलंच नव्हतं. चाचणीतले गुण आणि नोकरीतलं समाधान यांच्यात मोठं अंतर आहे. स्कॅन त्या अंतराच्या अलीकडेच थांबतो.

पायरी ३: गटाची सरासरी म्हणजे तुमचं मूल नव्हे

स्कॅन विकणारे 'संशोधनात सिद्ध झालंय' म्हणतात, तेव्हा ते बहुधा गटांच्या सरासरीबद्दल बोलत असतात. पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त असते हे खरं, पण पाच फूट पाच इंच एवढंच सांगितलं तर ती व्यक्ती पुरुष की बाई हे कुणाला ओळखता येईल? मेंदूतले फरक तर उंचीतल्या फरकापेक्षा कितीतरी बारीक असतात. २०२२ साली 'नेचर' नियतकालिकात सुमारे ५०,००० लोकांच्या स्कॅनचा एकत्र अभ्यास आला. मेंदूची रचना आणि बुद्धी किंवा स्वभाव यांच्यातले संबंध इतके क्षीण असतात, की ते भरवशाने दिसायला हजारो माणसं लागतात, हे त्यातून पुढे आलं. वीस-तीस जणांवर निघालेले निष्कर्ष पुढच्या वीस-तीस जणांत पुष्कळदा दिसत नाहीत.

दुसरं उदाहरण थेट ऑटिझमचं आहे आणि त्यातलं गणित घरी कागदावर करून पाहण्यासारखं आहे. २०१० मध्येच लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २० ऑटिस्टिक आणि २० इतर प्रौढांचे एमआरआय संगणकाला दिले. संगणकाने ऑटिस्टिक लोकांपैकी ९० टक्के बरोबर ओळखले आणि इतरांपैकी ८० टक्के बरोबर वगळले. '१५ मिनिटांच्या स्कॅनमध्ये ऑटिझम ओळखता येणार' अशा बातम्या जगभर आल्या. आता समजा, शंभरात एक माणूस ऑटिस्टिक आहे आणि एका तालुक्यातल्या १०,००० लोकांचा असा स्कॅन केला. खरे ऑटिस्टिक १००, त्यातले ९० सापडले. उरलेले ९,९००. त्यांच्यातल्या २० टक्के लोकांवर, म्हणजे १,९८० जणांवर, संगणक चुकीचं बोट ठेवणार. एकूण २,०७० जणांना 'तुम्ही ऑटिस्टिक' असं सांगितलं जाईल आणि त्यांतले खरे असतील ९०. शंभरात चार किंवा पाच! पुढे अनेक देशांतल्या केंद्रांवरचे हजारावर स्कॅन एकत्र करून असेच प्रयोग झाले, तेव्हा अचूकपणाही ७० टक्क्यांच्या आसपास उतरला.

ऑटिझम आहे की नाही, हा त्यातल्या त्यात सरळ प्रश्न. तिथे ही अवस्था असेल, तर 'हिने ग्रंथालयात काम करावं की प्रयोगशाळेत' असं स्कॅनवरून सांगणाऱ्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि मेंदू म्हणजे दगडावर कोरलेली रेघ नव्हे. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, त्याला तीन-चार वर्षं लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी ७९ उमेदवारांचे मेंदू तयारीच्या सुरुवातीला तपासले. पुढे त्यांतले ३९ पास झाले. पास झालेल्यांच्या मेंदूत, स्मरण आणि वाटा लक्षात ठेवणं यांच्याशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागात, करडं द्रव्य वाढलेलं दिसलं. पण पहिल्या दिवशीच्या स्कॅनमध्ये कोण पास होणार आणि कोण नाही, हे सांगणारा फरक दिसला नव्हता. मेंदू काम करता करता घडला होता. २०११ सालचा हा अभ्यास मला या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. सोळा वर्षांच्या मुलीचा स्कॅन काढून आपण तिला 'तू काय होणार' ते सांगतो, पण तिच्या हातून जे काम व्हायचंय तेच अजून झालेलं नसतं.

पायरी ४: ऑटिस्टिक मेंदूसाठी वेगळ्या अडचणी लक्षात घ्या

एमआरआयच्या नळीत आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. आमच्या मुलीला मिक्सरच्या आवाजानेही दुसऱ्या खोलीत जावं लागतं. अशा माणसाला नळीत हलू न देता झोपवणं ही लहान गोष्ट नाही. त्यात डोकं जरा जरी हललं, मिलिमीटरपेक्षाही कमी, तरी एफएमआरआयचं गणित बिघडतं. हे २०१२ च्या सुमारास स्पष्ट झालं, आणि बिघडतं कसं तेही. मेंदूतल्या दूरच्या भागांमधली जोडणी आहे त्यापेक्षा कमजोर दिसते, जवळच्या भागांमधली जास्त दिसते. 'ऑटिस्टिक मेंदूत लांबच्या जोडण्या कमकुवत असतात' असा निष्कर्ष आधीची कित्येक वर्षं मांडला जात होता! त्यातला किती भाग मेंदूचा आणि किती अवघडून हललेल्या मुलांचा, हे नव्याने तपासावं लागलं. तेव्हा तुमच्या मुलाच्या अहवालात 'जोडणी कमी' असं लिहिलेलं असेल, तर स्कॅनच्या वेळी तो किती हलला होता आणि त्याचा हिशेब कसा केला, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

मोजपट्टीही सरळ नाही. माँट्रियलमधल्या मिशेल डॉसन आणि लोरां मोट्रों यांच्या गटाने २००७ साली ३८ ऑटिस्टिक मुलांना दोन बुद्धिचाचण्या दिल्या: वेक्सलर आणि रेव्हनच्या आकृत्या. डॉसन स्वतः ऑटिस्टिक आहेत. वेक्सलरमध्ये परीक्षक बोलतो, प्रश्न विचारतो, मुलाने बोलून उत्तर द्यायचं असतं. रेव्हनमध्ये आकृत्यांच्या मांडणीतली रिकामी जागा भरायची, बोलायची जवळजवळ गरज नाही. रेव्हनमध्ये ऑटिस्टिक मुलं सरासरी ३० पर्सेंटाइल वर होती, म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत ३० जागा पुढे. ऑटिस्टिक नसलेल्या मुलांत एवढा फरक नव्हता. मूल तेच, मेंदू तोच. आता एखाद्याने वेक्सलरच्या गुणांवर स्कॅनचं सूत्र बसवलं असेल, तर ते सूत्र ऑटिस्टिक मुलाला हमखास खाली ओढणार. चाचणीचा दोष स्कॅनमध्ये जातो आणि तिथून तो 'मेंदूतच कमतरता आहे' असं रूप घेऊन बाहेर येतो. आईबापांच्या मनावर या वाक्याचा फार खोल घाव बसतो. मी तो सोसलेला आहे.

टेंपल ग्रँडिन यांचं उदाहरण अशा जाहिरातींत हटकून येतं. त्या ऑटिस्टिक आहेत, कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत आणि गुरं न बिथरता पुढे जातील अशा वळणदार मार्गिका आणि आवार त्यांनी आखले. त्यांच्या मेंदूचे स्कॅन झाले हे खरं, त्यात वेगळेपण दिसलं हेही खरं. पण त्यांचा व्यवसाय आधी ठरला होता. किशोरवयात त्या सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गुरांच्या फार्मवर राहिल्या होत्या आणि पुढे स्वतः खाली वाकून गुरांच्या डोळ्यांच्या पातळीवरून वाट पाहत, कुठे सावली पडते, कुठे साखळी लटकते ते टिपत. प्रसिद्ध स्कॅन कितीतरी वर्षांनंतरचे.

पायरी ५: खरा एमआरआय कधी करायचा, ते डॉक्टर ठरवतील

वरचं सगळं वाचून कुणी गरजेचा स्कॅन टाळू नये. ऑटिझमच्या निदानासाठी सरसकट एमआरआय लागत नाही. निदान निरीक्षण, पालकांशी बोलणं आणि विकासाचा इतिहास यांवर होतं. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी इसा (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही मोजपट्टीही ४० मुद्द्यांच्या निरीक्षणाची आहे. पण फिट्स येत असतील, शिकलेल्या गोष्टी मूल झपाट्याने विसरत असेल, शरीराच्या एका बाजूची ताकद कमी वाटत असेल, डोक्याचा आकार असाधारण असेल किंवा अंगावरच्या पांढऱ्या डागांवरून ट्यूबरस स्क्लेरोसिससारख्या आजाराची शंका असेल, तर न्यूरॉलॉजिस्ट एमआरआय किंवा ईईजी सांगतात आणि तो करावाच. ऑटिस्टिक लोकांमध्ये फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं.

करिअरसाठी मात्र मुलाला गुंगीचं औषध देऊन स्कॅन करायला कधीही तयार होऊ नका. आणि निरोगी माणसांच्या स्कॅनमध्येही कधीकधी भलतंच काही सापडतं. एका मोठ्या आढाव्यात हे प्रमाण साधारण ३७ जणांत एक असं होतं. बरंचसं निरुपद्रवी असतं, पण पुढच्या तपासण्यांचा फेरा आणि रात्रीची झोप जाणं टळत नाही.

पायरी ६: सही करण्याआधी

खऱ्या संशोधनात भाग घ्यायचा असेल तर जरूर घ्या. ऑटिस्टिक मेंदूबद्दलचं ज्ञान ऑटिस्टिक लोक पुढे आल्याशिवाय वाढणार नाही. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम ६ स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा पद्धतीने सांगून तिची मोकळी संमती घ्यावी लागते आणि त्यासाठी नेमलेल्या समितीची आगाऊ परवानगीही लागते. नैतिकता समितीचं मंजुरीपत्र बघायला मागा. आणि खऱ्या संशोधनात तुमच्याकडून फी घेत नाहीत.

संमती कुणाची, हा प्रश्न घराघरांत चुकतो. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक उरत नाहीत. गरज असेल तिथे राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. बाकी सगळ्या ठिकाणी 'हो' किंवा 'नको' म्हणायचा हक्क त्या तरुण मुलामुलीचा. आमच्या मुलीचा एमआरआय करायचा असता आणि नळीचा आवाज फोनवर आधी ऐकवून विचारलं असतं, तर तिने नको म्हटलं असतं. टोपीच्या वेळी आम्ही विचारलंच नाही, याची खंत आजही वाटते.

माहितीचं काय होणार, हे लेखी घ्या: स्कॅनची फाईल कुठे राहणार, किती वर्षं, विमा कंपनी, कॉलेज किंवा नोकरी देणारा यांना दिली जाणार का, पुसून टाकायला सांगितलं तर पुसणार का. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात आरोपीवरसुद्धा ब्रेन मॅपिंगसारख्या चाचण्यांची सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. आरोपीच्या डोक्यात काय चाललंय ते जबरदस्तीने बघता येत नसेल, तर नोकरी मागायला आलेल्या मुलाच्या डोक्यात कुणी कशाला डोकवावं? मुलाखतीच्या जागी स्कॅन मागणाऱ्या कंपनीला ठाम नकार द्या.

पायरी ७: फाईल घरात आलेलीच असेल तर

ती फेकू नका, पण मुलाच्या हातातही देऊ नका. शांतपणे वाचून प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: हे आपल्याला आधीच माहीत होतं का? 'आवाज सहन होत नाही', 'एकटीने काम करायला आवडतं' असली वाक्यं बहुधा तुम्हीच भरलेल्या प्रश्नावलीतून आलेली असतात. नवं काय ते वेगळं काढा आणि ते घरी, शाळेत, प्रत्यक्षात दिसतं का ते दोन महिने पाहा. दिसलं तर उपयोगी. नाही दिसलं तर बाजूला ठेवा. 'अमुक करू शकणार नाही' असं वाक्य असेल, तर ते अहवालाच्या भरवशावर कधीच स्वीकारू नका.

पायरी ८: मग करायचं काय

इथे वेळ घाला, पैसे फारसे लागत नाहीत.

एक वही करा. महिनाभर रोज चार ओळी: आज कशात आपणहून रमली, किती वेळ, कशाने वैतागली, वैतागल्यानंतर सावरायला काय लागलं. आमच्या वहीत पहिल्याच आठवड्यात सहा वेळा 'चुका शोधणे' आलं. वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यावरचं मराठी. आवड म्हणून कुणी ते कधी मोजलंच नव्हतं, उलट 'लोकांच्या चुका काढू नये' म्हणून तिला आम्ही गप्प करत आलो होतो.

मग कल चाचणी. आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी घेतली गेली. त्यात कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रं होती. अशी चाचणी कल सांगते, क्षमता सांगत नाही, हे विसरू नका. क्षमता-चाचणी हवी असेल तर ऑटिस्टिक मुलांशी काम केलेल्या मानसशास्त्रज्ञाकडे जा आणि आधीच सांगा: सूचना बोलून नको, लिहून द्या. घड्याळ लावलेली आणि न लावलेली, दोन्ही प्रकारे घ्या. रेव्हनसारखी न बोलता होणारी चाचणी त्यात असू द्या. बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ मागतो, तसा इथेही मागायचा. निकालात एकच बेरीज मागू नका, प्रत्येक भागाचे गुण वेगळे मागा. ऑटिस्टिक मुलांचा आलेख सह्याद्रीसारखा असतो. कुठे उंच कडा, कुठे खोल दरी. सरासरी काढली की दोन्ही पुसले जातात.

त्यानंतर प्रत्यक्ष काम. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच. डेन्मार्कमधल्या एका ऑटिस्टिक मुलाच्या वडिलांनी, थॉर्किल सोन्ने यांनी, २००४ साली स्पेशलिस्टर्ने ही कंपनी काढली, ऑटिस्टिक लोकांना सॉफ्टवेअर तपासणीसारखी कामं देण्यासाठी. निवडीसाठी ते मुलाखतीवर विसंबले नाहीत. उमेदवारांना लेगोचे रोबो बनवायला दिले आणि आठवडेच्या आठवडे काम करताना पाहिलं. पुढे सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये त्यांच्यासोबत मोठा कार्यक्रम जाहीर केला, त्याआधीच्या छोट्या प्रयोगांत बंगळूरच्या सॅप लॅब्जमधले ऑटिस्टिक तपासनीस होते. हे आपण गल्लीतही करू शकतो. ओळखीच्या माणसाकडे दोन आठवडे, रोज दोन तास, पगाराची अपेक्षा न ठेवता. आम्ही एका लहानशा छापखान्याच्या मालकांना विचारलं. ते म्हणाले, "काकू, येऊ द्या, बघू." पहिल्या दिवशी त्यांनी तिला एका स्मरणिकेची प्रूफं दिली. दोन तासांत तिने ऱ्हस्व-दीर्घाच्या इतक्या चुका काढल्या की त्यांनी ते पान पुन्हा जुळवायला पाठवलं.

तिसऱ्या दिवशी ती रडत घरी आली. क्षमतेचा प्रश्नच नव्हता. ऑफसेट मशीन शेजारच्या खोलीत चालू झालं होतं आणि कुणीतरी "हे झालं की ते घे" असं तोंडी सांगून निघून गेलं होतं. 'ते' म्हणजे काय, हे तिला कळलं नाही आणि विचारायचं कुणाला तेही नाही. ब्रिटनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या बकलंड अहवालानुसार तिथे दहांतल्या जेमतेम तीन ऑटिस्टिक प्रौढांना काम आहे. मुलाखतीची पद्धत, गोंगाट, न सांगितलेले नियम, ही कारणं त्यात पुन्हा पुन्हा येतात. म्हणून जागेतले बदल यादी करून मागा. आमची यादी अशी होती: काम चिठ्ठीवर लिहून द्यायचं, एका वेळी एकच, टेबल मशीनपासून लांब, भिंतीकडे तोंड करून, कान झाकणारे हेडफोन चालतील, शंका विचारायला एक ठरलेला माणूस, वेळ बदलणार असेल तर आदल्या दिवशी निरोप. यातल्या एकाही गोष्टीला खर्च आला नाही.

कागदपत्रं याच काळात करून घ्या. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र) काढा, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांना मिळून आहे. वाजवी सोयी देणं सरकारी आस्थापनांवर बंधनकारक आहे, आणि खाजगी आस्थापनांनीही समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. मुंबईत दिव्यांगांसाठी राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, तिथे मूल्यमापन आणि प्रशिक्षणाची चौकशी करता येते. ऑटिझम आहे हे नोकरी देणाऱ्याला सांगायचं की नाही, हे मात्र मुलालाच ठरवू द्या. सांगितल्याशिवाय सोयी मिळत नाहीत, सांगितल्यावर काही दारं बंद होतात, दोन्ही त्याच्यासमोर ठेवा.

वही बंद करू नका. दर तीन महिन्यांनी तिघांनी बसायचं: मूल, घरातलं एक माणूस, कामावरचं एक माणूस. तीन प्रश्न: काय जमतंय, काय बोचतंय, काय बदलायचं. आमच्या मुलीने मागच्या वेळी तिसऱ्या प्रश्नापुढे स्वतःच्या हाताने लिहिलं: "दिवाळी अंकांच्या दिवसांत रोज चार तास आले तरी चालेल. पण चिठ्ठीवर 'लवकर' लिहू नका, किती वाजेपर्यंत ते लिहा." मालकांनी आता चिठ्ठ्यांवर वेळेचा रकाना छापून घेतलाय.